साकवावरची गर्दी: कोकण रेल्वेचं वर्षाचं प्रगतिपुस्तक कसं वाचायचं

पीएचडीचा विषय काय, असं कुणी विचारलं की मी "रेल्वेचं वेळापत्रक" एवढंच सांगते आणि विषय बदलते. कणकवलीच्या मामाचं तेवढ्यावर भागलं नाही. "गो बाय, तुझ्या त्या पीएचडीत गाडी वाटेत कित्याक थांबता तां शिकवतत काय?" मी म्हटलं, तेच तर शिकते आहे. "मगे सांग!" तर हा लेख म्हणजे मामाला दिलेलं, जरा लांबलेलं उत्तर.

कोकण रेल्वेने एकदा जरी गेला असाल तरी हा प्रसंग तुमच्या ओळखीचा असेल. गाडी एखाद्या छोट्या स्थानकात थांबते. फलाटावर कुणी चढत नाही, कुणी उतरत नाही. पंधरा मिनिटं होतात, वीस होतात. डब्यातले दोघं-तिघं खाली उतरून आळस देतात. मग समोरून एक गाडी धाडधाड निघून जाते, आणि पाचेक मिनिटांत आपली गाडी हलते. "क्रॉसिंग होतं," असं म्हणून सगळे पुन्हा आपापल्या डब्यांत आणि डुलक्यांत. या वीस मिनिटांत नक्की काय घडलं आणि वर्षाच्या आकड्यांत ती कुठे जातात, हाच आजचा विषय.

रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत जाणारा हा सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग 26 जानेवारी 1998ला पूर्ण लांबीने सुरू झाला. 1990 साली महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे पहिले प्रमुख, आणि पुढच्या आठेक वर्षांत 91 बोगदे, पानवल नदीवरचा 64 मीटर उंचीचा पूल, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा हे सगळं उभं राहिलं. ही गोष्ट आपण सगळ्यांनी अभिमानाने ऐकलेली आहे, मी पुन्हा सांगत नाही. मला फक्त एका गोष्टीकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे. हा मार्ग एकेरी आहे. 2021 साली रोहा ते वीर हा सुमारे 47 किलोमीटरचा तुकडा दुहेरी झाला, तो सोडला तर बाकी सगळीकडे जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्यांना रूळ एकच.

कोकणातल्या वाचकांना साकव काय ते सांगायला नको. इतरांसाठी: ओढ्यावरचा अरुंद पायपूल, एका वेळी एकाच माणसाने पार करायचा. समोरून कुणी साकवावर चढलं असेल तर तुम्ही अलीकडे थांबायचं. एकेरी मार्गावरची दोन स्थानकांमधली जागा म्हणजे असाच एक साकव. रेल्वेच्या भाषेत ब्लॉक सेक्शन. त्यात साधारणपणे एका वेळी एकच गाडी असते. समोरची गाडी पुढच्या स्थानकात पूर्ण आत आली, सिग्नल आणि सांधे फिरले, दोन्हीकडच्या स्टेशन मास्तरांची देवघेव झाली, की मग तुमची गाडी आत जाणार. म्हणजे कोकण रेल्वे हा 740 किलोमीटर लांबीचा रस्ता आहे असं समजण्यापेक्षा एकापुढे एक ठेवलेल्या साकवांची माळ समजा. पुढचं सगळं सोपं जाईल.

क्षमता शंभर टक्क्यांच्या वर कशी जाते?

बातम्यांत तुम्ही वाचलं असेल की अमुक मार्गाचा क्षमतावापर शंभर टक्क्यांपेक्षा जास्त आहे. शंभर टक्के भरलेल्या तांब्यात आणखी पाणी कसं मावतं? याचं उत्तर क्षमता मोजण्याच्या पद्धतीत आहे. भारतीय रेल्वेत यासाठी अनेक वर्षं एक साधं सूत्र वापरलं जातं, स्कॉट यांचं सूत्र. दिवसात 1440 मिनिटं असतात. सगळ्यात अवघड साकव पार करायला संथ गाडीला जितकी मिनिटं लागतात त्यात सिग्नल-सांध्यांच्या कामाची मिनिटं मिळवायची, त्या बेरजेने 1440ला भागायचं, आणि आलेल्या उत्तराचे 70 टक्के घ्यायचे. ही झाली दिवसाची क्षमता, दोन्ही दिशांच्या गाड्या मिळून.

करून बघू. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, ते कुठल्या ठरावीक स्थानकांचे नाहीत. समजा दोन स्थानकांत 12 किलोमीटरचं अंतर आहे आणि मालगाडी ताशी 40च्या वेगाने जाते. 18 मिनिटं झाली. सिग्नल वगैरेची 5 मिनिटं धरली तर 23. आता 1440 भागिले 23 म्हणजे साधारण 62, आणि त्याचे 70 टक्के म्हणजे 44 गाड्या.

उरलेले 30 टक्के कशासाठी सोडले? रुळांची देखभाल करायला मोकळा वेळ हवा. एखादी गाडी उशिरा आली तर तिला सामावून घ्यायला फट हवी. दोन्हीकडून गाड्या नेमक्या हव्या त्या क्षणी येत नाहीत, म्हणून काही वेळ साकव रिकामाच राहतो. ही 30 टक्के जागा फुकट घालवलेली नसते, वेळापत्रकाचा श्वास तिथे असतो. आता या मार्गावर 44च्या जागी 50 गाड्या सोडल्या तर वापर झाला 114 टक्के. गाड्या धावतात, कुठे आदळत नाहीत, फक्त श्वासाला जागा कमी होते.

ती कमी झाली की काय होतं, हे मला स्वतःला पहिल्या वर्षी कळायला वेळ लागला. आपल्याला वाटतं की गाड्या थोड्या वाढल्या तर उशीरही थोडा वाढेल. तसं होत नाही. रांगांच्या गणितातलं अगदी प्राथमिक सूत्र घ्या. 44 गाड्या असताना आपला साकव दिवसाचे सुमारे 70 टक्के व्यग्र असतो, आणि सरासरी वाट पाहणं हे एका गाडीला लागणाऱ्या वेळेच्या साधारण 2.4 पट येतं. 50 गाड्या झाल्या की साकव 80 टक्के व्यग्र, वाट पाहणं 4 पट. आणखी 6 वाढवून 56 करा, तो 89 टक्के व्यग्र होतो आणि वाट पाहणं जातं साडेआठ पटीच्या आसपास. दोन्ही वेळा वाढवल्या सहाच गाड्या. पण पहिल्या सहांनी जेवढं ओझं टाकलं त्याच्या जवळपास तिप्पट दुसऱ्या सहांनी टाकलं.

(जाणकारांनी लगेच हरकत घेऊ नये. हे सूत्र गाड्या कशाही, केव्हाही येतात असं धरून चालतं. प्रत्यक्षात वेळापत्रक असतं, म्हणून खरे आकडे बरेच कमी येतात. माझं बरंचसं काम ते किती कमी येतात हे शोधण्यातच चाललं आहे. पण आलेखाचा आकार तोच राहतो: आधी सपाट, मग एकदम कड्यासारखा उभा.)

म्हणून "एक गाडी वाढवली तर काय बिघडलं?" या प्रश्नाचं उत्तर आपण त्या आलेखावर कुठे उभे आहोत यावर ठरतं. आमच्या तालुक्याला एक गाडी द्या, आमच्या स्थानकात थांबा द्या, ही प्रत्येक मागणी सुटी पाहिली तर रास्तच असते. पण थांबा म्हणजेसुद्धा साकवाच्या तोंडाशी आणखी काही मिनिटं.

पाऊस आणि बाप्पा

कोकण रेल्वेचं एक वेगळेपण म्हणजे तिची दोन वेळापत्रकं. पावसाळी वेळापत्रक अनेक वर्षं 10 जून ते 31 ऑक्टोबर असं चालत होतं, 144 दिवस. 2025 साली ते 15 जून ते 20 ऑक्टोबर असं आखडलं, म्हणजे 128 दिवस. या काळात गाड्यांचे वेग मुद्दाम कमी ठेवलेले असतात, आणि मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं तर ताशी 40च्या वर जायचं नाही अशी चालकांना सूचना असते.

हा सावधपणा फार महागात पडून आलेला आहे. 22 जून 2003च्या रात्री वैभववाडीजवळ दरड रुळांवर आली आणि कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीची विशेष गाडी घसरली, 50हून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी, 16 जून 2004ला, आंबडगावजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला आणि सुमारे 20 जणांचा जीव गेला. त्यानंतर डोंगरउतारांवर जाळ्या, भिंती, पावसाळ्यातली रात्रंदिवस गस्त अशी कामं वाढत गेली. पावसात गाडी हळू चालली की चिडचिड होते, मलाही होते. पण ही मिनिटं कापायला मी तरी कुणाला सांगणार नाही.

आता आपलं उदाहरण पुन्हा घ्या. 40च्या जागी मालगाडी ताशी 30ने जाते असं समजा. 12 किलोमीटरला 24 मिनिटं, अधिक 5, झाली 29. 1440 भागिले 29, त्याचे 70 टक्के: साधारण 35. रूळ तेच, सिग्नल तेच, माणसं तीच, आणि 44ची क्षमता 35वर आली.

आणि याच दिवसांत गणपती येतात. 2023 साली गणेश चतुर्थी 19 सप्टेंबरला होती, 2024ला 7 सप्टेंबरला, 2025ला 27 ऑगस्टला. पंचांगाने कितीही मागेपुढे केलं तरी चतुर्थी पावसाळी वेळापत्रकाच्या बाहेर जात नाही. मार्गाची ताकद सगळ्यात कमी असते तेव्हाच मुंबईचा चाकरमानी गावाकडे निघतो. गणपती विशेष गाड्यांच्या फेऱ्या रेल्वेने 2023ला 305, 2024ला 358 आणि 2025ला 380 जाहीर केल्या. आकडा दर वर्षी चढता आहे आणि त्याची बातमी होते. बरोबरच आहे, लोकांना जागा हवी असते. पण यातली प्रत्येक फेरी त्याच साकवांवरून जाते. शिवाय ही गर्दी एकतर्फी असते. चतुर्थीच्या आधी सगळे खाली उतरतात, गौरी-गणपती विसर्जनानंतर सगळे वर निघतात. सावंतवाडीला माणसं सोडलेली गाडी पुढच्या फेरीसाठी मुंबईला परत न्यावीच लागते, आणि निम्मी रिकामी गाडीसुद्धा साकव अडवते तो भरलेल्या गाडीइतकाच वेळ.

त्यात एखादी दरड आली तर? जुलै 2024मध्ये काही दिवसांच्या अंतराने दोन घटना झाल्या: पेडण्याच्या बोगद्यात पाणी आलं आणि खेडजवळ दिवाणखवटीला दरड कोसळली. दोन्ही वेळा काही गाड्या रद्द झाल्या, काही पुणे-मिरजमार्गे वळवल्या. दुहेरी मार्गावर निदान एक रूळ मोकळा करून थोडीफार वाहतूक सुरू करता येण्याची आशा असते. इथे माळेतला एक मणी तुटला की अख्खी माळ थांबते.

वार्षिक आकडे काय सांगतात, काय गिळतात

आता प्रगतिपुस्तकाकडे. 2022-23 या वर्षात कोकण रेल्वे महामंडळाचं एकूण उत्पन्न सुमारे 5,150 कोटी रुपये होतं आणि निव्वळ नफा 278 कोटींच्या घरात. तोवरचं सर्वात चांगलं वर्ष. पेपरात वाचून मामाने विचारलं होतं, एवढा नफा तर दुसरा रूळ का घालत नाहीत? प्रश्न चोख आहे. पण त्या उत्पन्नातला मोठा वाटा प्रकल्पांच्या कामांचा होता. महामंडळ इतर रेल्वेंसाठी बांधकाम करतं, काश्मीरमधला चिनाब नदीवरचा पूल हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. म्हणजे कंपनीचं वर्ष उत्तम गेलं यावरून रोहा-ठोकूर मार्गाचं वर्ष कसं गेलं हे कळत नाही. डोंगरात पूल बांधण्याचं कसब असलेली कंपनी आणि श्वास कोंडलेला मार्ग, दोन्ही एकाच ताळेबंदात राहतात.

वक्तशीरपणाचा आकडा तर आणखी मजेशीर. आपल्याकडे गाडी वेळेवर आली की नाही हे मुख्यतः शेवटच्या स्थानकावर मोजतात. आणि शेवटच्या टप्प्यात वेळापत्रकात जादा मिनिटं ठेवलेली असतात, उशीर भरून काढायला. त्यामुळे गाडी चिपळूणला 40 मिनिटं उशिरा येऊन मडगावला वेळेवर पोहोचू शकते. चिपळूणला रिक्षा निघून गेलेल्या माणसाची टक्केवारीत नोंद नाही.

याच्याही पुढची गंमत अशी की वेळापत्रकात आधीच लिहून ठेवलेली वाट बघणी हा उशीर धरतच नाहीत. मुंबई-मडगाव वंदे भारत जून 2023ला सुरू झाली. एरवी ती पावणेआठ तासांच्या आसपास घेते आणि आठवड्यातून सहा दिवस धावते. पावसाळी वेळापत्रकात तीच गाडी साधारण दहा तास घेते आणि तीनच दिवस धावते. दहा तासांनी ठरल्या वेळेला पोहोचली तर आकड्यांत ती शंभर टक्के वक्तशीर. लबाडी यात काहीच नाही, जाहीर वेळापत्रक आहे. पण "वक्तशीर" आणि "लवकर" हे दोन वेगळे शब्द आहेत हे लक्षात ठेवलेलं बरं. दिवा-सावंतवाडीसारख्या सर्व स्थानकांत थांबणाऱ्या गाडीचं तर वेळापत्रकच मोठ्या गाड्यांना वाट देत देत विणलेलं असतं. साकवावर आधी कोण, याचा क्रम ठरलेला: राजधानी, मग सुपरफास्ट, मग एक्सप्रेस, मग सवारी गाडी, साधारणपणे शेवटी मालगाडी. वाट बघण्याचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. तो सर्वांत स्वस्त तिकिटावर जास्त पडतो. माझ्या प्रबंधातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं प्रकरण हेच आहे.

आणि सरासरी. समजा वर्षातले 353 दिवस 85 टक्के गाड्या वेळेवर आहेत आणि गणपतीच्या 12 दिवसांत फक्त 30 टक्के. वर्षाची सरासरी किती येईल? 83 टक्क्यांहून थोडी जास्त. ज्या बारा दिवसांसाठी माणूस वर्षभर रजा साठवतो, त्यांचा सगळा गोंधळ वार्षिक आकड्यात दोन टक्क्यांपेक्षा कमी खड्डा पाडतो. हे आकडेही समजुतीचेच, पण म्हणूनच मी म्हणते की या मार्गाचा हिशेब महिन्यावार आणि स्थानकवार मांडायला हवा.

मग करायचं काय? काही केलं गेलं आहेच. मार्गाचं विद्युतीकरण मार्च 2022मध्ये पुरं झालं. इंधनाचा खर्च वाचला, धूर गेला, पण समोरून गाडी येत असेल तर विजेचं इंजिनही थांबतंच. क्षमतेच्या दृष्टीने त्याहून मोठं काम म्हणजे नवी क्रॉसिंग स्थानकं. कळंबणी बुद्रुक, कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, आचिर्णे अशी नावं गेल्या काही वर्षांत नकाशावर आली ती यासाठीच. आपल्या 12 किलोमीटरच्या साकवाच्या बरोबर मध्ये असं स्थानक बांधलं तर 18 मिनिटांची 9 झाली, अधिक 5, एकूण 14. क्षमता 44वरून 72वर. दुप्पट नाही, कारण सिग्नलची 5 मिनिटं अर्धी होत नाहीत. तरी बोगदे खोदून दुसरा रूळ घालण्याच्या मानाने हे स्वस्त.

इथे एक मेख आहे. माळेची ताकद सगळ्यात अवघड साकवावर ठरते. त्याच्या शेजारचा साकव अर्धा करून फारसं काही हाती लागत नाही. शिवाय सगळ्यात अवघड साकव सोडवला की दुसरा कुणीतरी त्या जागी येतो. म्हणून पुढचा पैसा कुठे घालायचा हा प्रश्न "कुठल्या तालुक्याला किती" असा सोडवता येत नाही. रोहा-वीर हा पट्टा तुलनेने सपाट होता, तिथे दुहेरीकरण जमलं. वीरच्या खाली डोंगर सुरू होतात, आणि बोगदे एका रुळाच्या मापाचे खोदलेले आहेत. सगळा मार्ग एकदम दुहेरी करा ही घोषणा ऐकायला चांगली आहे. मला व्यवहार्य वाटतं ते तुकड्यांचं दुहेरीकरण: सोप्या जमिनीवर आठ-दहा किलोमीटरचा दुहेरी पट्टा, ज्यात दोन गाड्या न थांबता एकमेकींना ओलांडतील, आणि तो नेमका अवघड साकवाच्या तोंडाशी.

पैशाचं कोडं वेगळंच आहे. महामंडळात केंद्राचा 51 टक्के वाटा, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकचा 15, गोवा आणि केरळचे 6-6. भारतीय रेल्वेच्या इतर विभागांना जसा अर्थसंकल्पातून निधी मिळतो तसा इथे सरळ येत नाही. म्हणून विलीनीकरणाची मागणी होती, आणि 2025च्या मे महिन्यात महाराष्ट्रानेही संमती दिली. "कोकण रेल्वे" हे नाव राहावं आणि राज्याने घातलेले 396 कोटींवर रुपये परत मिळावेत, या अटींसह. विलीनीकरणाने तिजोरी मोठी होईल हे मला पटतं. पण मोठ्या तिजोरीसमोर रांगही मोठी असते, आणि त्या रांगेत दुहेरी-तिहेरी मार्ग मागणारे देशभरचे विभाग आधीच उभे आहेत.

मामाला एवढं सगळं फोनवर सांगून झाल्यावर त्याने एकच विचारलं, गणपतीला येताना कुठल्या गाडीने येऊ? मी म्हटलं, जी रात्री बाराच्या आधी पनवेल सोडते तिने, आणि सोबत एक वही घे. गाडी कुठल्या स्थानकात किती वाजता थांबली, समोरून कुठली गेली, किती वाजता सुटली, एवढंच लिही. तुम्हीही लिहिलंत तर मला पाठवा. वेळापत्रक मला छापील मिळतं. ती वीस मिनिटं फक्त डब्यात बसलेल्या माणसाकडे असतात.